डॉक्टरकीच्या वाटेवर: काय वाचायचं, कधी वाचायचं

नीटचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे माझ्या दवाखान्यात आजारी नसलेली माणसंही येतात. टोपी हातात घेतलेला बाप, आणि त्याच्या मागं अवघडून उभं राहिलेलं पोरगं नाहीतर पोरगी. "डॉक्टरसाहेब, लेकराला मेडिकल लागलं बघा. कॉलेज सुरू व्हायला टाइम हाय अजून, अन् हे दिवसभर मोबाईलच बघायलंय. काय वाचावं ते जरा लिहून द्या."

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसून गेली कित्येक वर्षं मी औषधाच्या चिठ्ठीवरच चार पुस्तकांची नावं लिहून देत आलो. त्याच चार पुस्तकांनी कुणाचं भलं झालं, तर कुणी ती आठवड्यात माळ्यावर टाकली. दोष पुस्तकांचा नव्हता. क्रम चुकला होता. ज्याने अजून एकही पेशंट पाहिला नाही त्याच्या हातात हॅरिसन, म्हणजे मेडिसिनचा तो जाडजूड ग्रंथ, दिलं तर तो घाबरणारच. म्हणून आता चिठ्ठीऐवजी हा सगळा मजकूर. कोणती पायरी तुमची आहे ते पाहून तिथून वाचायला लागा.

अकरावी-बारावीत असाल तर

हा भाग लवकर संपवतो, कारण इथं सांगण्यासारखं थोडंच आहे. नीटच्या १८० प्रश्नांतले ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण तिथं. त्यासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं ओळन् ओळ वाचायची, आकृत्यांखालच्या बारीक अक्षरांसकट. लातूरला क्लासच्या नोट्सचे गठ्ठे मिळतात. ते वाईट नसतात, पण मूळ पुस्तक न वाचता नोट्स वाचणं म्हणजे भाकरी सोडून नुसती चटणी खाणं. अभ्यासक्रमात मधल्या काळात काटछाट झाली आहे, तेव्हा थोरल्या भावाची जुनी प्रत वापरणार असाल तर चालू वर्षाच्या यादीशी एकदा ताडून पाहा. मराठी माध्यमातून आला असाल तर परीक्षा मराठीतूनही देता येते. तरी इंग्रजी संज्ञा आत्तापासून कानावर पडू द्या, पुढं सुटका नाही.

या दोन वर्षांत बाकी वाचन झोपण्याआधी पंधरा मिनिटं. जास्त नको.

आधी एक वही घ्या

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. डावीकडे पेशंट जे बोलतो ते, जसंच्या तसं. मधे पुस्तकातला शब्द. उजवीकडे त्या शब्दाची फोड.

माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे. डावीकडे 'धाप लागायलीय', मधे 'डिस्प्निया', उजवीकडे 'डिस म्हणजे बिघडलेलं, प्निया म्हणजे श्वास'. त्याखाली 'हातापायाला मुंग्या', पुढं 'पॅरेस्थेशिया'. मग 'अंगावरून पांढरं जातं', पुढं 'ल्युकोरिया. ल्युको म्हणजे पांढरं, रिया म्हणजे वाहणं'. मग 'पिशवी काढली', पुढं 'हिस्टरेक्टॉमी. हिस्टेरा म्हणजे गर्भाशय, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं'. आणि एका ओळीत डावीकडे नुसतं 'जिवाला कसंतरीच व्हायलंय' लिहिलेलं आहे आणि मधला रकाना कोरा आहे. तो आजही कोराच आहे. त्या तक्रारीमागं साखर उतरलेली असू शकते, हृदयाचा झटका असू शकतो, चतुर्थीचा उपास असू शकतो, नाहीतर सावकाराचा फोन. पुस्तकात याला एक शब्द नाही.

उजव्या रकान्याचं महत्त्व मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना पहिल्या महिन्यातच कळतं. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, टॉमी म्हणजे छेद घेणं, स्टॉमी म्हणजे तोंड करून देणं. एवढ्या तीन शेपट्या कळल्या की अपेंडिसेक्टॉमी, लॅपरोटॉमी आणि कोलोस्टॉमी हे शब्द पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात. आयटिस म्हणजे दाह, हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. असे तीस-चाळीस तुकडे जमले की निम्मी भीती जाते. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या पोरांनाही हे तुकडे कुणी शिकवलेले नसतात, तेव्हा तिथं तुम्ही मागं नसता.

आणि डाव्या रकान्यात तुम्ही त्यांच्या पुढंच असता. तुमची आजी जे बोलते तेच उद्या ओपीडीत ऐकू येणार आहे. सुट्टीत तिच्याशेजारी बसा आणि तिच्या दुखण्याखुपण्याचे शब्द उतरवून घ्या. वहीचं पहिलं पान तिच्याच नावानं सुरू करा.

निकाल ते कॉलेज: या आठवड्यांत गोष्टी वाचा

अॅडमिशनच्या फेऱ्या चालू असतात, जिवाला घोर लागलेला असतो. या काळात शास्त्राचं काही वाचू नका. माणसांचं वाचा, आणि मराठीत वाचा.

पहिलं पुस्तक माझ्या मते डॉ. हिंमतराव बावस्करांचं 'बॅरिस्टरचं कार्टं'. बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, म्हणजे आपल्याच मातीतले. गरिबीतून शिकले, नागपूरला डॉक्टर झाले आणि नोकरीसाठी कोकणात महाडच्या बाजूला गेले. तिथं लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती आणि पाठ्यपुस्तकात त्यावर धड उत्तर नव्हतं. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विंचवाचं विष हृदयावर काय करतं ते टिपलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर वापरून पाहिलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात त्यांचे शोधनिबंध छापून आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे पुस्तक वाचताना गरिबीच्या पानांवर डोळे ओले होतील, होऊ द्या. पण थांबायचं ते त्यांच्या नोंदींपाशी. मघाशी वही घ्या म्हटलं ते यासाठीच.

त्यानंतर डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. जिथं सर्जन नाही, एक्स-रे नाही, तिथं डॉक्टरला काय काय स्वतःच शिकावं लागतं हे त्यात दिसतं. मग डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. हे एका डॉक्टरने स्वतः पेशंट होऊन लिहिलेलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही द्या, त्यांना त्याचा तुमच्यापेक्षा जास्त उपयोग होईल. डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नंबर पाच, के.ई.एम.' मधून मोठ्या सरकारी रुग्णालयाचं पोट आतून कसं चालतं ते कळतं. घाटीच्या, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाच्या, नाहीतर अंबाजोगाईच्या कॅज्युल्टीत पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

डॉ. अरुण लिमये यांचं 'क्लोरोफॉर्म' मात्र मी या यादीत मुद्दाम शेवटी ठेवतो. धंद्यातल्या खोटेपणावर त्यांनी त्या काळी केवढं रान उठवलं होतं! ते जरूर वाचा, पण पहिलं म्हणून नको. डॉक्टरकीवर आधी जीव जडू द्या, मग तिच्यावर चिडा.

पहिलं इंग्रजी पुस्तक

मराठीतून आलेल्या पोरांना इथं खरी धाप लागते. मी सगळ्यांना एकच पुस्तक देतो. अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल', २०१४ सालचं. गावंडे अमेरिकेत वाढलेले सर्जन. पण त्यांच्या वडिलांचं गाव उटी, उमरखेडकडचं. आपल्या हदगावकडून पैनगंगा ओलांडली की उमरखेड तालुका. शंभरी ओलांडलेले त्यांचे आजोबा त्या पुस्तकात आहेत, भरल्या घरात, शेतावर नजर ठेवून असलेले. एकदा ते आजोबा भेटले की इंग्रजी परकं वाटत नाही. पुढं पुस्तक म्हातारपण, मरण आणि डॉक्टरांनी कुठं थांबावं याकडे जातं.

वाचायची रीत अशी. रोज दहा पानं, त्यापेक्षा जास्त नाही. शब्द अडला तर पेन्सिलीने खूण करून पुढं जायचं, डिक्शनरी उघडायची नाही. दहा पानं झाली की मागं येऊन खुणा मोजायच्या. जो शब्द तीनदा आला तोच बघायचा, बाकीचे सोडून द्यायचे. मग त्या दहा पानांत काय होतं ते मराठीत पाच ओळीत लिहायचं. महिन्याभरात पुस्तक संपतं. गंमत म्हणजे खुणांची संख्या शेवटाकडे आपसूक कमी झालेली असते.

हे जमलं तर गावंडेंचंच २००२ चं 'कॉम्प्लिकेशन्स'. शिकाऊ सर्जनचा हात कसा चुकत चुकत बसतो हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलंय. सिद्धार्थ मुखर्जींचं कर्करोगावरचं 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' जाडजूड आहे. ते दुसऱ्या वर्षी, पॅथॉलॉजी सुरू झाल्यावर काढा.

पहिलं वर्ष: पुस्तक आणि हाड एकत्र

अॅनाटॉमीला, म्हणजे शरीररचनेला, बहुतेक पोरं चौरासियांचं पुस्तकच वाचतात आणि त्यात काही वावगं नाही. त्यातल्या रेघांच्या आकृत्या परीक्षेत काढता येतात. ग्रे १८५८ पासून चालत आलेला ग्रंथ आहे. तो लायब्ररीत बसून, एखादी गोष्ट अडली तरच उघडायचा. पण चौरासिया हाडाशिवाय वाचू नका. सीनियरकडून हाडांचा संच मिळवा. ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, डाव्या हातात धरा, स्नायू चिकटण्याच्या खुणेवरून अंगठा फिरवा आणि मग तो परिच्छेद वाचा. नंतर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढा. जे काढता आलं नाही तेच पुन्हा वाचायचं. ह्यात वेळ जातो असं वाटतं, पण वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री तो सगळा परत मिळतो.

डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी फॉर्मलिननं डोळे झोंबतात, काहीजण बाहेर येऊन बसतात. वाईट वाटून घेऊ नका. एथिक्स आणि संवादाच्या अभ्यासक्रमात मृतदेहाला पहिला शिक्षक म्हटलंय. तो धडा हॉलमध्ये जाण्याआधी वाचून जा.

फिजिऑलॉजीला, म्हणजे शरीर चालतं कसं या विषयाला, गायटन. लेखक आर्थर गायटन यांना सर्जन व्हायचं होतं, पण पोलिओनं ते थांबलं. मग त्यांनी १९५६ मध्ये हे पुस्तक लिहिलं. त्यांची दहाही मुलं डॉक्टर झाली. वाक्यं लांब असली तरी 'का' या प्रश्नाचं उत्तर तिथं राहून जात नाही. वर्षभर सगळं वाचणं कठीण. हृदय, किडनी आणि श्वसन एवढी प्रकरणं तरी मुळातून वाचा. बायोकेमिस्ट्रीबद्दल मी काही बोलत नाही. ती मलाही कधी आवडली नाही. सीनियर सांगतील ते पुस्तक घ्या.

आपल्या जिल्ह्याचं पुस्तक

कम्युनिटी मेडिसिनच्या, म्हणजे समाजाच्या आरोग्याच्या, 'पार्क' या पुस्तकाला पोरं नाक मुरडतात. जाडी पाहूनच. घोकंपट्टीचं पुस्तक म्हणून त्याची बदनामी झालीय. माझ्या मते मराठवाड्यातल्या पोरांनी सगळ्यात मन लावून वाचावं असं हेच, फक्त एकट्यानं वाचू नये.

पार्कच्या शेजारी तुमच्या जिल्ह्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं पत्रक ठेवा. पाचव्या फेरीचं, २०१९ ते २१ चं, काही पानांचं, फुकट उतरवून घेता येतं. पार्कमध्ये अॅनिमियाचं प्रकरण वाचलं की पत्रकात आपल्या जिल्ह्याचा आकडा बघायचा, आणि तो आकडा आपल्या गल्लीतल्या कुठल्या दारात उभा आहे ते आठवायचं. लिंगगुणोत्तराचं पान वाचताना २०११ ची जनगणना काढा. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्या पानावर पेन्सिल आपोआप थांबते.

वहीतल्या 'पिशवी काढली' या ओळीकडे परत या. सर्जरी आणि स्त्रीरोगाच्या पुस्तकात गर्भाशय काढण्याची कारणं क्रमानं दिलेली असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं कारण त्या यादीत नसतं. उचल घेतलेली, कोयत्याची जोडी बांधलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत फडात उभं राहायचं कसं? बीडमध्ये इतक्या बायकांच्या पिशव्या गेल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हे वैद्यक नाही असं ज्याला वाटतं त्यानं पार्क पुन्हा पहिल्या प्रकरणापासून वाचावं.

याच्या जोडीला जामखेडचं पुस्तक. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवराबायकोनं १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. नकाशावर नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा, पण आष्टी-पाटोद्याला खेटून. गावातल्या, कधीकधी निरक्षर बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. त्याची हकीकत त्यांनी १९९४ मध्ये 'जामखेड' नावानं इंग्रजीत लिहिली. भाषा सोपी आहे. आशाताई, नर्सताई यांनाही मी हेच सुचवतो, शब्द अडला तर घरातल्या कॉलेजच्या पोराला विचारा. आणि आता तर एमबीबीएसच्या पोरांना गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. पहिल्या भेटीआधी हे पुस्तक वाचलेलं पोर आणि न वाचलेलं पोर, दोघं एकाच ओट्यावर बसले तरी त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

वॉर्ड सुरू झाल्यावर

नियम एकच. आज जो पेशंट पाहिला तोच आज रात्री वाचायचा. दिवसभरात दहा पाहिले तरी एकच निवडायचा.

समजा पावसाळ्यात शेतात सर्पदंश झालेला माणूस आला. वॉर्डात एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतात. मग हळूच तिरकी करतात. रक्त ओघळलं, गोठलं नाही, तर विषानं गोठण्याची यंत्रणा मोडलीय. आपल्याकडे बहुतेक वेळा ती घोणस असते. मण्यार आणि नाग मज्जातंतूंवर जातात, पापण्या जड होतात. त्या वीस मिनिटांत नळीशेजारी उभं राहून घड्याळ पाहिलेलं पोर रात्री पुस्तकातलं ते पान वाचतं तेव्हा ते आयुष्यभर विसरत नाही. उलट क्रमानं, म्हणजे आधी पान आणि सहा महिन्यांनी पेशंट, असं केलं की दोन्ही निसटतं.

तपासणी शिकायला हचिसनचं 'क्लिनिकल मेथड्स', पहिली आवृत्ती १८९७ ची, अजून नव्यानं निघतं. हॅरिसन शेल्फात असू द्या, शंका आली की काढा. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस मी पाहिलेला नाही. वाचल्याचं सांगणारे पुष्कळ पाहिले.

एक सावधगिरी. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या मानेच्या मागं गाठ लागली. त्याच आठवड्यात लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कर्करोग, वाचलेला. तीन रात्री झोप नाही, आईला पत्र लिहून ठेवलं होतं. शेवटी सरांकडे गेलो. त्यांनी गाठ चाचपली, मग डोक्यातले केस बाजूला केले आणि म्हणाले, "खाजवून खाजवून डोकं सोललंय. उवा झाल्यात तुला. होस्टेलात सगळ्यांना सांग." स्वतःवर वाचू नका. शंका आली तर दाखवा.

जुन्या आवृत्त्या आणि हैदराबाद

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं आपला वैद्यकाचा इतिहास मुंबईपेक्षा हैदराबादकडे जास्त जातो. भूल द्यायच्या क्लोरोफॉर्मनं माणूस का दगावतो यावर १८८८ आणि १८८९ मध्ये निजाम सरकारच्या पैशानं तिथं दोन आयोग बसले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदयाला धोका नाही. बऱ्याच जणांनी ते मानलं. पुढं १९११ च्या सुमारास कळलं की क्लोरोफॉर्मनं हृदय थेट बंद पडू शकतं. त्याच परिसरात, सिकंदराबादच्या छावणीत, २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, आणि तो निष्कर्ष टिकला. दोन्ही आपल्याच जुन्या राज्यात घडलं.

म्हणून औषधशास्त्र, उपचार, लसीकरण याची पुस्तकं नव्या आवृत्तीचीच घ्या. अॅनाटॉमीची जुनी प्रत चालते, मांडीचं हाड बदललेलं नाही.

एथिक्सवर वाचायला 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' इंटरनेटवर मोफत आहे. महिन्याला एक लेख पुरे. मराठीत डॉ. अरुण गद्रे यांचं 'कैफियत', ज्यात डॉक्टरच धंद्यातल्या कट-प्रॅक्टिसवर, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलच्या कमिशनवर, बोलतात. हे इंटर्नशिपच्या आधी वाचा, पहिलं पाकीट समोर येण्याआधी.

पुस्तकं मिळवायची कुठून

सीनियरकडून अर्ध्या किमतीत, हा राजमार्ग. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात एक चक्कर टाका. मराठी पुस्तकांसाठी जिल्हा ग्रंथालयाचं सभासद व्हा, वर्गणी किरकोळ असते आणि तिथल्या बाईंना सांगितलं तर पुस्तक मागवूनही देतात. झेरॉक्स करून विकलेली पुस्तकं घेऊ नका. लेखकाचं नुकसान सोडा, त्यातल्या रंगीत चित्रांचा काळा धब्बा होतो आणि पॅथॉलॉजीच्या स्लाइडमध्ये गुलाबी-जांभळ्यातला फरकच तर ओळखायचा असतो.

आणि तेही नाही जमलं तर माझ्याकडे या. दवाखान्यात सलाईनच्या खोलीबाहेर एक कपाट आहे, त्याला कुलूप नाही. वर खिळ्याला दोरीनं वही बांधलीय. नाव, गाव आणि नेल्याची तारीख लिहायची. 'बीइंग मॉर्टल' मात्र आत्ता मिळणार नाही. ते सेलूच्या एका पोरीनं मार्चमध्ये नेलंय, आणि परवा फोन केला तर म्हणाली, "सर, आता आजोबा वाचायलेत."